अकरावी-बारावीला गणित शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना खुलं पत्र : सराव हाताने होऊ द्या

सप्रेम नमस्कार.

बारावीच्या गणिताच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर सुरुवातीलाच सूचना असते: लॉग टेबल (मोठे गुणाकार-भागाकार बेरीज-वजाबाकीने करायचे छापील तक्ते) वापरायला परवानगी आहे, कॅल्क्युलेटर वापरायला परवानगी नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षांपैकी राज्याच्या एमएचटी-सीईटीला कॅल्क्युलेटर चालत नाही, देशपातळीवरच्या जेईई मेनलाही चालत नाही. हे मुलांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे, आपल्याला तर आहेच. तरीही जूनपासून जानेवारीपर्यंत घरी, क्लासमध्ये आणि, स्पष्टच लिहिते, आपल्या तासालासुद्धा वहीशेजारी मोबाईल असतो आणि त्यावर कॅल्क्युलेटर उघडलेला असतो. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर आपण सांगतो, "आता कॅल्क्युलेटर बंद, हाताने करायची सवय लावा." आठ महिने एका पद्धतीने सराव करून घ्यायचा आणि परीक्षा दुसऱ्या पद्धतीने घ्यायची, हे मुलांवर अन्याय करणारं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला गणित शिकवते. हे पत्र कॉलेजमधल्या सहकाऱ्यांना आहे, तसंच खाजगी क्लासमध्ये शिकवणाऱ्या सर आणि मॅडमनाही आहे, कारण मुलांच्या सरावाचे बरेचसे तास आता तुमच्याकडे जातात. माझी विनंती दोन भागांची आहे. अकरावीच्या पहिल्या दिवसापासून सराव हाताने व्हावा. आणि हाताने आकडेमोड कशी करायची, हे आपण वर्गात शिकवावं. नुसता मोबाईल काढून घेतला तर फक्त रडकुंडीला आलेली मुलं उरतील.

आकडेमोड सावकाश होते, हे नुकसान मला तितकंसं मोठं वाटत नाही. मोठं नुकसान वहीत दिसतं. बारा जणांतून पाच जणांची समिती किती प्रकारे निवडता येईल? एक मुलगी सूत्र बरोबर लिहिते, १२ चं फॅक्टोरियल (१ ते १२ चा गुणाकार) भागिले ५ आणि ७ च्या फॅक्टोरियलचा गुणाकार. मग मोबाईलवर १२ चं फॅक्टोरियल काढते, ४७,९०,०१,६००. ५ चं १२०, ७ चं ५०४०. भागाकार करते, ७९२ येतात, उत्तर बरोबर. दुसरी मुलगी ७ चं फॅक्टोरियल वर-खाली कापते. वर राहतात १२ × ११ × १० × ९ × ८ आणि खाली १२०. ती क्षणभर थांबते, वरचे १२ आणि १० मिळून खालचे १२० होतात हे तिला दिसतं, ते कापते आणि ११ × ९ × ८ उरतात. तेच ७९२.

दोघींनाही पूर्ण गुण मिळतील. पण पुढच्याच उदाहरणात संख्येच्या जागी एन येतो. एनमधून ५ आणि एनमधून ४ निवडण्याच्या प्रकारांचं गुणोत्तर विचारलं जातं, आणि पहिल्या मुलीकडे दाबायला बटणच नसतं. दुसरी तीच कापाकापी करते आणि एन उणे ४ भागिले ५ इथपर्यंत दोन ओळींत पोचते. तिने आदल्या उदाहरणात फॅक्टोरियलचं पोट पाहिलेलं होतं. आपण म्हणतो, मुलांना बीजगणित जमत नाही. माझ्या मते त्यांना संख्यांकडे इतकं जवळून बघायची वेळच आलेली नसते.

बारावीच्या डेफिनिट इंटिग्रलचंही (दोन मर्यादांमधलं आलेखाखालचं क्षेत्रफळ) तसंच. क्ष गुणिले (१ − क्ष) चा पाचवा घात, ० ते १. कॅल्क्युलेटर हाताशी असलेला मुलगा बेधडक विस्तार करतो, सहा पदं मांडतो, प्रत्येकाचं इंटिग्रेशन करतो, आणि मग १/२ − ५/३ + १०/४ − २ + ५/६ − १/७ ही रांग मोबाईलवर टाकून ०.०२३८ असं लिहितो. ही दशांशातली संख्या म्हणजे १/४२, हे त्याला कळायला मार्ग नाही. ज्याला ही रांग हाताने सोडवायची आहे, त्याला ती बघूनच कंटाळा येतो, आणि हा कंटाळा फार उपयोगाचा आहे. तो दुसरा रस्ता शोधतो. ० ते १ मध्ये क्ष च्या जागी १ − क्ष घातलं तरी उत्तर तेच राहतं, हा गुणधर्म आपण आदल्याच तासाला शिकवलेला असतो. तो वापरला की आत (१ − क्ष) गुणिले क्ष चा पाचवा घात एवढंच राहतं, म्हणजे १/६ − १/७, म्हणजे १/४२. गुणधर्म कशासाठी आहे हे त्या मुलाला फळ्यावरून कळलेलं नसतं, ते इथे कळतं. आकडेमोड फुकट मिळाली की सुंदर रीत शोधायची गरजच उरत नाही. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

आता करणी-संख्यांबद्दल (√३ सारख्या) थोडं सविस्तर, कारण इथे कॅल्क्युलेटरची सवय थेट चुकीच्या उत्तराकडे नेते. टॅन ७५° काढताना मध्येच १ भागिले (२ − √३) असं येतं. मूल √३ च्या जागी १.७३ घालतं. २ − १.७३ = ०.२७. १ भागिले ०.२७ म्हणजे ३.७०. छेद परिमेय करून (छेदातली करणी घालवून) आलेलं उत्तर २ + √३, म्हणजे ३.७३२. फरक दुसऱ्या दशांश स्थळातच पडला, आणि सुरुवातीला आपण √३ मध्ये सोडले होते फक्त दोन हजारांश. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे अंक निघून जातात आणि उरलेल्यात चूकच ठळक होते. हे इंजिनिअरिंगला गेल्यावर संगणकाच्या संदर्भात पुन्हा शिकवतात. पण अकरावीच्या वर्गात, एका करणीवर, दहा मिनिटांत दाखवता येतं. √३ ला शेवटच्या ओळीपर्यंत √३ च राहू द्या, हा नियम मुलांना पाठ असतो. तो का आहे, हे हे एक उदाहरण हाताने केल्यावर त्यांच्या लक्षात राहतं.

"पुढे सगळं संगणकच करणार आहे, मग हा आग्रह कशाला?" असं पालक विचारतात, आपल्यातलेही काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. इंग्लंडच्या जीसीएसई या शालान्त परीक्षेत सहसा गणिताच्या ३ पेपरांपैकी एक कॅल्क्युलेटरशिवाय असतो, बाकीच्या दोन्हींत तो चालतो. आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस या गणिताच्या अभ्यासक्रमात पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर नाही आणि दुसऱ्याला ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच. अमेरिकेतल्या सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत तर आता गणिताच्या पूर्ण भागाला तो चालतो. उद्या आपल्याकडेही एखाद्या पेपरला कॅल्क्युलेटर आला तर मी त्याला विरोध करणार नाही. पण यंत्राने दिलेलं उत्तर पटण्यासारखं आहे की नाही हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ती नजर यंत्राशिवायच तयार होते. मोबाईल अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिला म्हणून साइन ३० ची किंमत उणे ०.९८८ आली आणि मुलाने ती निमूटपणे उतरवली, अशी वही आपण सगळ्यांनीच तपासलेली आहे. साइन ३०° म्हणजे अर्धा, हे त्याला तोंडपाठ असतं. तरी त्याने यंत्रावर विश्वास ठेवला.

आणि यंत्र नेहमी खरं बोलतं असंही नाही. (१ − कॉस क्ष) भागिले क्ष चा वर्ग, क्ष शून्याकडे जाताना. क्ष = ०.००००००००१ घालून सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करून बघा. बहुतेक कॅल्क्युलेटर कॉसची किंमत १ धरतात, वजाबाकी ० येते, उत्तर ०. खरी लिमिट, म्हणजे उत्तर ज्या किमतीकडे सरकत जातं ती, आहे अर्धा. १ − कॉस क्ष च्या जागी २ गुणिले साइन-वर्ग क्ष/२ लिहिलं की ती दोन ओळींत मिळते. हे उदाहरण मी वर्गात मुद्दाम दोन्ही पद्धतींनी करून घेते, आणि त्या एका तासापुरता कॅल्क्युलेटर मीच आणायला सांगते.

सीईटीबद्दल क्लासच्या मंडळींशी मला विशेष बोलायचं आहे. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. या धाकाने 'शॉर्टकट' आणि 'ट्रिक' यांची छापील चोपडी मुलांच्या हातात दिली जाते. त्यापेक्षा अंदाज शिकवा. वाय = क्ष-वर्ग हा पॅराबोला आणि वाय = ४ ही रेषा, यांच्यामधलं क्षेत्रफळ किती? पर्याय ८/३, १६/३, ३२/३, ६४/३. इंटिग्रेशन करायच्या आधी आकृती काढा. तो भाग ४ लांब आणि ४ उंच अशा चौरसात बसतो, म्हणजे क्षेत्रफळ १६ पेक्षा कमी. ६४/३ म्हणजे २१ च्या वर, गेला. शिरोबिंदू आणि वरचे दोन छेदनबिंदू जोडून जो त्रिकोण होतो, तो पूर्ण त्या भागाच्या आत आहे आणि त्याचं क्षेत्रफळ ८ आहे. म्हणजे उत्तर ८ पेक्षा जास्त. ८/३ आणि १६/३ दोन्ही गेले. राहिलं ३२/३. हे वीस सेकंदांत होतं आणि यात पाठ करण्यासारखं काहीही नाही. वेळ उरला तर इंटिग्रेशन करून खात्री करावी. बोर्डाच्या पेपरमध्ये ते पायऱ्यांसह लिहावंच लागतं, तिथेही शेवटचं उत्तर ८ आणि १६ च्या मधलं आहे ना, हे मुलाने पाहिलं तर चिन्हाची चूक तिथल्या तिथे सापडते.

आता वर्गात काय करायचं, त्याबद्दल.

लॉग टेबल गणिताच्या तासाला शिकवा. आज ते फिजिक्स किंवा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या वेळी घाईघाईत सांगितलं जातं. मूल मँटिसा (लॉगचा दशांश भाग) शोधायला शिकतं आणि कॅरॅक्टरिस्टिक (पूर्णांक भाग) अंदाजाने टाकतं. खरं म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक ठरवणं हेच आकडेमोडीचं पहिलं काम, कारण उत्तर शेकड्यात आहे की लाखात, ते तिथे ठरतं. लॉग २ = ०.३०१० एवढंच पाठ असलं तरी २ च्या ६४ व्या घातात किती अंक असतील ते सांगता येतं. ६४ × ०.३०१० = १९.२६४, कॅरॅक्टरिस्टिक १९, म्हणून त्याहून एक जास्त, २० अंक. हे उत्तर मुलं मोठ्याने सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो बटण दाबून आलेल्या वीस आकडी संख्येने दिसत नाही.

पाठांतराला घाबरू नका, पण ते थोडकं ठेवा. १ ते ३० चे वर्ग, १ ते १२ चे घन, २ चे १० पर्यंतचे घात, √२, √३, √५ आणि π च्या तीन दशांशांपर्यंतच्या किमती, लॉग २ आणि लॉग ३. एवढं पुरतं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे) पाठ होती. ती परत आणा असं मी म्हणत नाही. पण अपूर्णांक हीसुद्धा एक संख्याच आहे आणि तिचा पाढा होऊ शकतो, ही ओळख त्या पाढ्यांमुळे होत असे. आजच्या मुलांना ३/८ दिसला की त्याचं आधी ०.३७५ करावंसं वाटतं. मॅट्रिक्सचा (संख्यांच्या चौकटीचा) इन्व्हर्स काढताना सुरुवातीच्या जागी १ आणायचा असतो, तिथे हे फार नडतं. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ३ आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला २ असले तर मूल पहिली ओळ ३ ने भागून मोकळं होतं आणि पुढची दोन पानं तृतीयांश वाहत नेतं. पहिल्या ओळीतून दुसरी वजा करा, १ आपोआप मिळतो. फळ्यावर असं उदाहरण सोडवताना लगेच ओळी बदलू नका. "इथे १ कुठून आणता येईल?" असं विचारून थांबा, वर्ग शांत राहिला तरी थांबा.

बारावीला अ‍ॅप्रॉक्झिमेशनचा (जवळपासची किंमत काढण्याचा) भाग आहे, तोही आपण उरकून टाकतो. √८.९५ ची किंमत काढा, असं उदाहरण आलं की मुलांना वाटतं, हे तर कॅल्क्युलेटरवर एका सेकंदाचं काम. त्यांना विचारा, कॅल्क्युलेटर नसेल तर? ९ चं वर्गमूळ ३. वर्गमुळाच्या डेरिव्हेटिव्हची (बदलाच्या दराची) ९ पाशी किंमत १/६. आपण ०.०५ ने मागे आलो आहोत, म्हणून ३ मधून ०.०५ भागिले ६ वजा करायचे, ३ − ०.००८३ = २.९९१७. चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर, आणि गुणाकारसुद्धा लांबलचक नाही. डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय, हे या एका ओळीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं व्याख्येत दिसत नाही. हा भाग दोन गुणांसाठी म्हणून मागे ढकलू नये. शक्य असेल तर डेरिव्हेटिव्ह शिकवायला सुरुवात केल्याच्या आठवड्यातच घ्यावा.

तासाची पहिली पाच मिनिटं आकडेमोडीला द्या. जूनमध्ये मी देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या ६१७४ ने सुरुवात करते. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी ६१७४ च येतं. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा, ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा, ८५३२ − २३५८ = ६१७४. मुलं आपापल्या चार अंकी संख्या घेऊन बसतात, अट एवढीच की चारही अंक सारखे नकोत, आणि हातच्याची एक जरी चूक झाली तरी गाडी अडखळते हे त्यांना स्वतःलाच दिसतं. मग मी अंकांच्या जागी अक्षरं घ्यायला सांगते. मोठ्यापासून लहानापर्यंत अ, ब, क, ड. वजाबाकी होते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). म्हणजे उत्तर कोणत्याही फेरीत ९ ने भागलं गेलंच पाहिजे. आता प्रत्येकाला आपली वजाबाकी आपली आपण तपासता येते. आकडेमोडीतून बीजगणितात जायला अकरावीच्या मुलांना यापेक्षा सोपी वाट मला सापडलेली नाही.

प्रश्नपत्रिका काढताना संख्या विचार करून निवडा. कॅल्क्युलेटर नाही म्हणून १७.३८ चा घन करायला लावणं हा छळ आहे, त्यातून काहीच तपासलं जात नाही. संभाव्यतेतल्या बायनॉमियल डिस्ट्रिब्युशनच्या उदाहरणाचं उत्तर ४५ × ९ चा ८ वा घात भागिले १० चा १० वा घात असं आलं, तर ते तसंच पूर्ण उत्तर म्हणून मान्य करा आणि हे मुलांना आधी सांगून ठेवा. दशांशात मागायचंच असेल तर अंदाज मागा. आपल्या युनिट टेस्टमध्ये 'उत्तर अंदाजे किती असेल ते आधी लिहा' यासाठी एक गुण ठेवता येईल का, याचा विचार करा. तो अधिकार आपल्या हातात आहे, त्यासाठी बोर्डाच्या परिपत्रकाची वाट बघायला नको.

शेवटचा मुद्दा मागे पडणाऱ्या मुलांचा, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. २०२०-२१ मध्ये जी मुलं पाचवीत होती ती २०२६-२७ मध्ये अकरावीत येतात. अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार, लसावि, दशांश हे सगळं त्या सुमाराला पक्कं व्हायचं असतं, आणि त्या वर्षी करोनामुळे शाळा बहुतेक काळ बंद होत्या, शिकवणं मोबाईलवर चालू होतं. ज्यांच्या घरी एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात होते, त्या मुलांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. आज तीच मुलं १/२ + १/३ साठी कॅल्क्युलेटर काढतात, तो आळस नसतो. त्यांना सगळ्यांसमोर "एवढंही येत नाही का?" असं विचारू नका. मोबाईल काढून घ्यायच्या आधी त्यांना अपूर्णांकांचे चार तास द्या, गरज पडली तर कॉलेज सुटल्यावर द्या. पानावर उजवीकडे उभी रेघ मारून रफ काम तिथेच, स्वच्छ, करायला लावा. बाकावर आणि तळहातावर केलेलं रफ काम आपल्याला तपासता येत नाही, त्यामुळे चूक नेमकी कुठे होते हे ना त्यांना कळतं, ना आपल्याला. एका ओळीत एकच पायरी, उणे चिन्ह कंसात, आणि उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. सुरुवातीला वेग अर्धा होईल. पहिल्या सत्रात अभ्यासक्रम थोडा मागे पडेल, आणि त्याबद्दल प्राचार्यांशी आपल्यालाच बोलावं लागेल. दिवाळीनंतर ती कसर भरून निघते, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

पहिल्या युनिट टेस्टच्या आधी तालुक्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी एकदा एकत्र बसावं, अशी माझी सूचना आहे. कॉलेजचे आणि क्लासचे, दोन्ही. प्रत्येकाने आपल्याकडची अशी उदाहरणं आणावीत, ज्यांत कॅल्क्युलेटरने उत्तर मिळतं पण गणित हातात येत नाही. त्यातून प्रकरणवार एक सराव-संच तयार करू आणि सगळीकडे तोच वापरू, म्हणजे कॉलेजमध्ये हाताने आणि क्लासमध्ये मोबाईलवर अशी मुलांची ओढाताण होणार नाही. परम्युटेशन-कॉम्बिनेशन आणि डेफिनिट इंटिग्रल या दोन प्रकरणांचा संच माझ्याकडे तयार आहे, तो मी घेऊन येईन. त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्सची जबाबदारी कुणीतरी घ्यावी.

आपली,
गणिताची एक शिक्षिका